चित्रवेड्यांची मते

एखाद्या कलेविषयी पंडित काय लिहितात यावरून तिची प्रतिष्ठा कळते. परंतु तिचे वेड लागलेली माणसे सहज बोलता बोलता काय म्हणतात, यावरून तिची प्रकृती कळते. मराठी भाषेने अशा वेडास कधी अगदीच हीन लेखलेले नाही. नाटकवेडा, गाणेवेडा, पुस्तकवेडा ही विशेषणे आपण रागाने योजतो खरी, पण त्या रागात निम्मा भाग कौतुकाचा असतो. जपानी भाषेत चित्रकथांच्या व हलत्या चित्रांच्या वेड्यास 'ओताकू' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'आपले घर' असा असून, समोरच्या माणसास अदबीने 'आपण' म्हणावयाचे झाल्यास तो वापरतात. १९८३ साली नाकामोरी आकिओ या लेखकाने तो या तरुणांस उपहासाने लावला. उपहासाची धार पुढे बोथट झाली आणि नाव मात्र जगभर पसरले.

आमच्या मरोळात आता अशा ओताकूंची वाण नाही. मेट्रोच्या दोन मार्गांचा जेथे सांधा झाला आहे त्या मरोळ नाक्यावर, जुन्या गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांत आणि औद्योगिक वसाहतीभोवतीच्या चहाच्या दुकानांपाशी, पाठीवरच्या पिशवीस 'नारुतो' किंवा 'वन पीस' यांचे चिन्ह अडकविलेली मुले-मुली हटकून दिसतात. त्यांचे वाद ऐकण्यासारखे असतात. कोणत्या वीराचा पराक्रम थोर, कोणत्या कथेचा शेवट फसला, कोणत्या दिग्दर्शकाने मूळ चित्रकथेशी बेइमानी केली, यांवर ती तासन् तास भांडतात. प्रस्तुत लेखात या मतांची परीक्षा करावयाची आहे. ही मते ऐकून न ऐकल्यासारखे करणे हा आजवरचा आमचा, म्हणजे वडीलधाऱ्यांचा, शिरस्ता आहे. आणि तो सोडण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

ही कला आपल्या घरांत शिरली ती आपले नाव-गाव न सांगता. दूरदर्शनवर १९९० नंतरच्या दशकात 'जंगल बुक' दिसे. मोगली आपल्याकडील रानातला, शीर्षकगीत गुलजारांचे, संवाद हिंदी. त्यामुळे ती मालिका जपानातील निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ साली काढलेली आहे, हे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक होते. मागाहून डोरेमॉन आणि शिनचान हे दोघे हिंदी बोलतच आले व मुलांच्या जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचले. त्या मुलांनी मोठेपणी स्वतःहून आपली आवड मागून घेतली. शिंकाई माकोतो यांचा 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट येथील चित्रगृहांत दाखवावा म्हणून भारतातील पन्नास हजारांहून अधिक लोकांनी आपली नावे दिली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो येथे प्रदर्शित झाला. प्रेक्षकांनी अर्ज करून खेळ आणविल्याचे असे उदाहरण विरळा.

या मंडळींचे पहिले मत असे की, ही कला म्हणजे मुलांचे खेळणे नव्हे. हे मत आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. आणि त्याचा पुरावा शिनचाननेच दिला आहे. २००८ साली केंद्र सरकारने या मालिकेचे प्रक्षेपण थांबविले व पुढे काटछाट होऊन ती परतली. पोर उद्धट आहे, मुलांस बिघडवील, ही पालकांची तक्रार खोटी नव्हती. परंतु उसुई योशितो यांनी ती चित्रकथा १९९० साली सुरू केली तीच मुळी प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात! चित्र दिसले की ते मुलांसाठीच, या आमच्या समजुतीमुळे प्रौढांचा विनोद बालकांपुढे मांडला गेला, आणि दोष मात्र एकट्या विनोदास लागला. जेथे परीक्षण हवे होते तेथे आम्ही प्रथम बेफिकिरी दाखविली व नंतर बंदी घातली.

मात्र प्रौढपणा कशात आहे, हे सांगताना तरुण मंडळी चुकतात. मरण, रक्तपात आणि सूड जेथे आहेत ते प्रौढ, अशी त्यांची सोपी कसोटी आहे. त्याच्याच जोडीला दुसरे मत येते : ज्यात हालचाल अधिक व झुंजी अधिक चपळ, ते चित्र श्रेष्ठ. 'डेमन स्लेअर'मधील तलवारीच्या झुंजी पाहताना डोळे दिपतात हे कोण नाकारील? तथापि दिपणे आणि दिसणे यांत अंतर आहे. या कलेचा इतिहासच त्यांच्या मताविरुद्ध साक्ष देतो. १९६३ साली तेझुका ओसामू यांनी आपल्या चित्रकथेवरून 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका दूरचित्रवाणीसाठी काढली, तेव्हा हाती पैसा थोडा आणि वेळ त्याहून थोडा होता. चित्रपटात एका सेकंदास २४ चौकटी सरकतात. तेझुकांच्या मंडळींनी एकेक चित्र तीन-तीन चौकटींस पुरविले. देह स्थिर ठेवून केवळ ओठ हलविले, एकच पार्श्वभूमी पुनःपुन्हा वापरली, डोळे मात्र मोठे व बोलके काढले. गरिबीतून निघालेली ही युक्ती पुढे शैली होऊन बसली. एका रंगविलेल्या पडद्यापुढे उभे राहून केवळ गळ्याच्या बळावर अरण्य आणि राजवाडा उभा करणाऱ्या आपल्या संगीत रंगभूमीच्या प्रेक्षकास हे समजावयास कठीण जाऊ नये.

म्हणूनच या कलेचे खरे वैभव हालचालीत नसून थांबण्यात आहे. जपानी लोक दोन गोष्टींमधील भरलेल्या मोकळ्या जागेस 'मा' म्हणतात. मियाझाकी हायाओ यांच्या २००१ सालच्या 'स्पिरिटेड अवे'मध्ये चिहिरो नावाची लहान मुलगी पाण्यावरून धावणाऱ्या आगगाडीत बसते. शेजारी एक मुका, मुखवटाधारी जीव. बाहेर पाणी, एखादे एकाकी घर, संध्याकाळ. कितीतरी वेळ कोणी बोलत नाही व काही घडतही नाही. आणि तरी ती मुलगी गाडीत चढली तेव्हा होती त्याहून मोठी होऊन उतरते. गवई समेवर येण्यापूर्वी क्षणभर थांबतो, त्या क्षणी ज्याच्या अंगावर काटा आला आहे त्यास हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. आमची तरुण मंडळी हा प्रसंग आवडतो असे म्हणतात, पण का आवडतो हे विचारले की पुन्हा झुंजींकडे वळतात. त्यांची रुची त्यांच्या मतांहून पुढे गेलेली आहे, एवढाच याचा अर्थ.

शेवट आधी सांगू नये, नाहीतर गोडी जाते, हे तिसरे मत आता सभ्यतेचा नियमच होऊन बसले आहे. त्याचे खंडन एकाच चित्रपटाने होते. ताकाहाता इसाओ यांच्या १९८८ सालच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'मध्ये युद्धात अनाथ झालेला सेइता रेल्वेच्या स्थानकात भुकेने मरतो, आणि हे आपणांस आरंभीच दाखविलेले असते. पुढे तो आपल्या चिमुकल्या बहिणीस जगविण्याची धडपड करतो ती आपण शेवट जाणून पाहतो, म्हणूनच ती सोसवत नाही. कीर्तनात हरिश्चंद्राचे आख्यान ऐकणाऱ्या आपल्या आजीस शेवट ठाऊक नव्हता काय? तरी तिचा पदर ओला होई. जी गोष्ट शेवट कळल्यावर मरते, तिच्यात जीव थोडाच असला पाहिजे.

चौथे मत विचारार्ह आहे. मूळ जपानी आवाजच ऐकावेत, भाषांतरित आवाज म्हणजे भेसळ, असे ही मंडळी निक्षून सांगतात. नटाचा आवाज हा भूमिकेचा निम्मा प्राण आहे, हे खरेच. पण जपानी ऐकत असताना त्यांचे डोळे खाली काय वाचीत असतात? इंग्रजी! म्हणजे भाषांतर टळले नाही. ते कानांतून डोळ्यांत गेले एवढेच. आणि भाषांतर म्हणजे भेसळच असेल, तर मराठी रंगभूमीचा अर्धा वैभवकाळ भेसळीतच जमा करावा लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' मराठीत उभे केले. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला आणि फ्रेंच मुळाच्या एका प्रहसनाचा 'संशयकल्लोळ' असा केला की, तो परका आहे हे सांगावे लागते. खरा प्रश्न भाषांतर असावे की नसावे हा नसून, ते कोणी, कोणत्या भाषेत व कोणत्या योग्यतेने करावे हा आहे.

याचेही एक शिकविणारे उदाहरण आहे. काजिवारा इक्की व कावासाकी नोबोरू यांच्या 'क्योजिन नो होशी' या १९६६ सालच्या बेसबॉलवरील चित्रकथेवरून २०१२ साली 'सूरज : द रायझिंग स्टार' ही मालिका निघाली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले, तोक्योच्या जागी मुंबई आली, आणि झोपडपट्टीतील मुलगा कठोर बापाच्या शिकवणीखाली खेळाडू होऊ लागला. बाप, मुलगा, चेंडू आणि गरिबी ही सामग्री मुंबईस काही परकी नव्हे. परंतु आमच्या मते ती मालिका मुंबईत घडते, मुंबईची होत नाही. तिच्यातील मुलगा ज्या गल्लीत वाढतो तेथील बोली त्याच्या तोंडी नाही. देवलांनी प्रथम बोली बदलली आणि मग वेष. येथे वेष बदलला आणि बोली राहून गेली.

आणि येथेच आपण मुख्य मुद्द्याशी येतो. २०२५ साली 'डेमन स्लेअर'चा नवा चित्रपट भारतात आला तो जपानी व इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ व तेलुगू या भाषांत आला. मराठी त्यांत नव्हती. मराठी माणसास हिंदी समजते, तेव्हा निराळा खर्च कशास, हा व्यापाऱ्याचा हिशेब उघड आहे. त्यास दोष देण्यात अर्थ नाही. परिणाम मात्र भोगावा लागतो तो आपल्या घरांस. ज्या मुलाने डोरेमॉनबरोबर हिंदी उचलली व पुढे इंग्रजी अक्षरांच्या आधारे जपानी कथा पाहिल्या, त्याच्या आयुष्यातील पहिला मोठा कलानुभव त्याच्या मातृभाषेबाहेर घडला. आता त्या अनुभवाविषयी आईशी बोलावयाचे झाल्यास त्याच्यापाशी मराठी शब्द नाहीत. आणि आईपाशी 'ती कार्टुने' एवढा एकच शब्द आहे. एका छताखाली राहणाऱ्या दोन पिढ्यांस एकमेकींची आवड सांगता येऊ नये, ही हानी कोणत्याही वाईट चित्रपटाने होणाऱ्या हानीहून मोठी आहे.

पाचवे मत, 'आपल्याकडे हे होणे नाही', हे तर अज्ञानातून निघालेले आहे. साको युगो हे जपानी गृहस्थ १९८३ साली उत्खननावरील अनुबोधपटाच्या कामासाठी भारतात आले व रामकथेने भारले गेले. त्यांतून 'रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा' हा चित्रपट सुमारे दहा वर्षांनी तयार झाला. साको व सासाकी कोइची यांच्या बरोबरीने त्याचे दिग्दर्शन केले ते मुंबईच्या राम मोहन यांनी. संगीत वनराज भाटिया यांचे आणि इंग्रजी आवृत्तीतील संस्कृत गीते वसंत देव यांची. राम मोहन हे फिल्म्स डिव्हिजनच्या १९५६ साली उघडलेल्या व्यंगपट शाखेत शिकून तयार झालेले. म्हणजे मरोळच्या तरुणाने ज्या कलेस केवळ परदेशी म्हणून पूजिले, तिच्यात त्याच्याच शहराचा हात अगोदरच लागलेला होता. हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये येथील चित्रगृहांत आला तेव्हा अनेकांनी तो प्रथमच मोठ्या पडद्यावर पाहिला.

राहता राहिला वेषभूषेचा नाद. आवडत्या पात्राचा पोशाख चढवून मेळाव्यास जाणे, रंगीत केसांचे टोप घालणे, हे पाहून घरोघरी कपाळास आठ्या पडतात. त्या आठ्या घालणाऱ्यांनी बालगंधर्वांचा काळ आठवावा. त्यांनी रंगभूमीवर नेसलेल्या लुगड्यांची आणि घातलेल्या दागिन्यांची धाटणी घरंदाज स्त्रियांनी उचलली. पुरुषाने केलेल्या स्त्रीवेषाचे अनुकरण स्त्रियांनी करावे, याहून मोठे वेड ते कोणते? त्या वेडाने महाराष्ट्र बिघडला नाही. पण त्याचे कारणही ध्यानी घेतले पाहिजे. तो प्रेक्षक 'वन्स मोअर' देई तो सरसकट नाटकास नव्हे, अमुक पदास, त्या पदातील अमुक जागेस. ती जागा का रंगली यावर तो घरी येऊन वाद घाली, आणि तो वाद मराठीत होई. वेडास विवेकाची जोड होती व त्या विवेकास भाषा होती.

आजच्या चित्रवेड्यांपाशी वेड भरपूर आहे आणि विवेकही अगदीच नाही असे नाही. उणीव आहे ती भाषेची, आणि ती पुरविणे त्यांच्या एकट्याचे काम नव्हे. जपानी हायकू शिरीष पै यांनी मराठीत रुजविला, तोत्तोचानची शाळा मराठी मुलांस ठाऊक झाली. तेव्हा जपान आपल्या भाषेस दूरचे आहे असे कोणी म्हणू नये. मासिकांनी या चित्रपटांची परीक्षणे छापावीत, आणि ती वेड लागलेल्या तरुणांकडूनच लिहवून घ्यावीत; वाक्ये अडखळली तरी चालतील. पालकांनी एक संध्याकाळ मुलाच्या शेजारी बसून त्याच्या आवडीचा एक चित्रपट पाहावा, आणि मग तो न आवडल्यास खुशाल भांडावे. अट एकच : भांडण मराठीत व्हावे.