नकली गेमची नोंद कोण ठेवणार?

मंडळी, जुन्या व्हिडिओ गेमच्या जतनाचा विषय निघाला की आधी किंमत निघते. जुलै 2021 मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ 64’ची एक सीलबंद प्रत लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली. ती कोणी खेळणार नाही, कारण सील फोडलं की किंमत गेली. याला मी जतन म्हणायला तयार नाही, ही गुंतवणूक झाली. खरी काळजी वेगळी आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत 2010 च्या आधी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के गेम आज बाजारात मिळतच नाहीत.

पण या हिशेबात आपण कुठे बसतो? निन्टेन्डोचा फॅमिकॉम 1983 साली जपानात आला. आपल्याकडे घराघरांत जो पोचला, तो बहुतेक त्याचा नकली अवतार. अँटेनाच्या जागी वायर खुपसायची, चॅनल जुळवायचा, कॅसेटमध्ये फुंकर मारायची आणि ‘कॉन्ट्रा’ लावायचा. संग्राहक म्हणतात, हा कचरा आहे, अस्सल यंत्र जपा. इथे माझा आक्षेप आहे.

बघा, अस्सल यंत्र जपान-अमेरिकेच्या टीव्हीसाठी होतं, सेकंदाला साधारण 60 चित्रं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे 50. पालसाठी बनवलेल्या नकली यंत्रावर तोच गेम जवळपास एक षष्ठांशाने हळू चालतो. उड्या हळू, गोळ्या हळू, संगीतही बहुतेक गेममध्ये त्याच चालीने रेंगाळतं. त्यात काही नकली चिपांमध्ये ध्वनिलहरींचे दोन आकार चक्क अदलाबदल झालेले आहेत, त्यामुळे सुरांचा पोतही बदलतो. आज एम्युलेटरवर ‘बरोबर’ सेटिंगला मारिओ लावला आणि तो उगाच घाईत वाटला, तर तुमचे कान फसवत नाहीयेत. तुम्ही दुसऱ्याच कोणाचं बालपण ऐकताय.

रशियात हीच नकली जात 1992 पासून ‘डेंडी’ या नावाने विकली गेली. तिची जाहिरात झाली, तिच्यावर टीव्ही कार्यक्रमसुद्धा निघाला. परिणाम असा की मेसेनसारख्या एम्युलेटरमध्ये आज ‘डेंडी’ हा स्वतंत्र पर्याय आहे. नाव मिळालं, म्हणून नोंद झाली. आपल्या यंत्रांना घरात नाव काय होतं? ‘व्हिडिओ गेम’. बस्स.

कॅसेटचंही तसंच. ‘9999 इन 1’ लिहिलेलं असायचं आणि आत गेम मोजकेच. बाकीच्या ओळी म्हणजे तोच गेम, फक्त पुढच्या लेव्हलपासून किंवा जादा जीव देऊन. चोरीच होती ती, मूळ कर्त्यांना त्यातून दमडी मिळाली नाही, आणि बऱ्याचदा त्यांचं नावही पडद्यावरून पुसलेलं असे. यात मला काहीही गोंडस वाटत नाही. पण तो मेन्यू कोणीतरी बसून रचला होता, कोणता गेम आधी ठेवायचा हे ठरवलं होतं. हजारो मुलांची आवड त्या यादीने घडवली. समीक्षकाला दखल घ्यायला एवढं पुरेसं आहे.

अडचण अशी की ती कॅसेट उघडली तर बहुधा आत नाव-नंबर असलेली चिप नसतेच. पट्टीवर थापलेला एक काळा, डांबरासारखा गोळा असतो. त्याखाली काय आहे ते वरून कळत नाही. बिघडला तर बदलता येत नाही. त्यातला मजकूर उतरवून घ्यायचा तर पट्टीवरच्या पितळी दिसणाऱ्या दातांतूनच, तेसुद्धा गोळा जिवंत आहे तोवर.

म्हणून माळ्यावरचा डबा भंगारात देण्याआधी एवढं करा: खोक्याचे आणि कॅसेटच्या चिकटपट्टीचे फोटो काढा, मेन्यूची पानं शेवटपर्यंत उलटत व्हिडिओ घ्या, आवाजासकट. जुना डबा टीव्ही असेल तर तोही ठेवा, कारण ‘डक हंट’ची बंदूक नव्या सपाट टीव्हीवर नेम घेतच नाही.

हं, मागच्या रांगेतून हात वर दिसतोय. विचारा.