नकलेची पाककृती : ब्रिटिश एल आणि घरगुती प्रतींचे वाङ्मय

पाककृतींच्या पुस्तकांत एक पोटजात अशी आहे की तिच्या वाचकाला पदार्थ नको असतो, 'तोच' पदार्थ हवा असतो. घरी बिअर करणाऱ्या इंग्रज माणसाला नुसती कडवट एल करता येते. त्यासाठी पुस्तक लागत नाही. त्याला हवी असते कीथलीच्या टिमथी टेलरची 'लँडलॉर्ड', किंवा चिझिकच्या फुलर्सची 'लंडन प्राइड', आणि तीही स्वतःच्या स्वयंपाकघरात, तेवीस लिटरच्या प्लॅस्टिकच्या बादलीत. या हट्टातून गेल्या पन्नास वर्षांत इंग्रजीत एक छोटे वाङ्मय तयार झाले आहे. त्याच्याकडे कोणी वाङ्मय म्हणून पाहिलेले माझ्या वाचनात नाही. मी ते अनुवादाच्या समीक्षेची सवय असलेल्या वाचकाच्या नजरेने वाचले. करून पाहण्याचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे माझे वाचन निव्वळ संहितेचे आहे, आणि त्याचा मला फायदाच झाला असे वाटते.

या वाङ्मयाचा जन्म कायद्यातून झाला. १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून तो उकळायच्या गोड काढ्यावर, म्हणजे वर्टवर, बसवला. त्याच कायद्याने घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला. ती अट १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंगने रद्द केली. मधल्या ऐंशी-त्र्याऐंशी वर्षांत घरगुती कला जवळजवळ आटली होती. पण त्याच कराने नकलकारांच्या हाती एक अनमोल गोष्ट ठेवली. कर आकारायचा म्हणून वर्टची घनता मोजली जाई. पाणी १००० धरले, तर आंबण्यापूर्वीचा वर्ट १०४२ की १०३६, हे सरकारदरबारी नोंदले जाई. ब्रुअरी आपले माल्ट, हॉप्स, साखर, सगळे झाकून ठेवी. हा आकडा मात्र पुढे बाहेर आला आणि बिअरप्रेमींच्या मार्गदर्शिकांत छापला जाऊ लागला. ज्या कायद्याने घरची भट्टी विझवली, त्याच्याच हिशेबाच्या वहीतून पुढच्या नकलांचा पहिला भक्कम आकडा निघाला.

त्यावर उभे असलेले पहिले महत्त्वाचे पुस्तक डेव्ह लाइनचे. हा गृहस्थ पेशाने विद्युत अभियंता. १९७४ साली त्याचे 'द बिग बुक ऑफ ब्रूइंग' आले आणि १९७८ मध्ये 'ब्रूइंग बिअर्स लाइक दोज यू बाय'. दुसऱ्याच्या नावातला 'लाइक' हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. 'त्या' बिअर नव्हे, 'तशा' बिअर. पण आत शिरल्यावर हा प्रामाणिकपणा टिकत नाही. प्रत्येक कृतीच्या डोक्यावर विकत मिळणाऱ्या बिअरचे नाव आहे आणि लाइनने तिथपर्यंत पोचण्याचा मार्ग जिभेने शोधला आहे. त्याच्या काही कृतींत सॅकरिनच्या गोळ्या येतात. आजचे घरगुती ब्रुअर त्यावर हसतात. मला ते हसणे उथळ वाटते. ब्रुअरीच्या बिअरमध्ये मागे उरणारा गोडवा लाइनला जिभेवर स्पष्ट कळत होता. घरच्या यीस्टने साखर पार खाऊन टाकल्यावर तो गोडवा नाहीसा होई. सॅकरिन यीस्टला खाता येत नाही, म्हणून गोळी. ही चुकीची वस्तू आहे, पण योग्य जागी टाकलेली. अनुवादकाला मूळ भाषेतली लकब सापडली, आपल्या भाषेत तिला शब्द नाही, म्हणून त्याने हाताशी होता तो घातला, तसे हे आहे. १९७८ ची ब्रिटिश बिअर एका तयार जिभेला कशी लागली, याची साक्ष त्या गोळीत आहे. आकड्यांत ती सापडणार नाही.

पुढचा टप्पा वेगळ्या माणसाने सोपा केला. बिअरवर लिहिणारा पत्रकार रॉजर प्रॉट्झ याने १९८९ मध्ये 'रिअल एल ड्रिंकर्स अल्मनॅक' काढले. त्यात ब्रुअऱ्यांनी स्वतः दिलेली माहिती होती: कोणते माल्ट, कोणते हॉप्स, कडवटपणाचा आकडा किती. त्यामागे 'कॅमरा'ची, म्हणजे १९७१ साली सुरू झालेल्या अस्सल एलच्या चळवळीची पुण्याई होती. १९९३ मध्ये प्रॉट्झ आणि ग्रॅहम व्हीलर यांनी कॅमरासाठी घरगुती एलचे पुस्तक लिहिले; पुढच्या आवृत्त्यांतून व्हीलर त्याची पाने पुसत-सुधारत राहिला. (योगायोग असा की त्याच वर्षी ब्रिटनने घनतेवरचा कर सोडून तयार बिअरमधल्या अल्कोहोलवर कर सुरू केला. जुन्या आकड्याची सरकारी गरज संपली. तो नकलकारांच्याच कामाचा उरला.)

व्हीलरच्या कृती वाचताना मला सरकारी गॅझेटियरची आठवण होते. प्रत्येक पानावर तीच रचना: ग्रॅममध्ये माल्ट, हॉप्स, उकळीचा वेळ, घनता, कडवटपणा. लाइनची जीभ इथे गप्प आहे. शिस्त मोठी आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. तरी या पुस्तकावरचा माझा आक्षेप शिस्तीच्याच जागी आहे: कृतीच्या यादीत यीस्टची जात लिहिलेली नाही. ज्या घरी दही लागते त्या घरी हे वेगळे सांगायला नको. दूध तेच, भांडे तेच. विरजण शेजारच्या घरचे असले की दही शेजारच्या घरचे होते. फुलर्सच्या यीस्टला संत्र्याच्या मार्मलेडचा जो वास येतो, तो ना माल्टमध्ये असतो ना हॉप्समध्ये. घरगुती ब्रुअरांना हे कळले, आणि ते फुलर्सच्या '१८४५' या बाटलीतच मुरणाऱ्या बिअरच्या तळचा गाळ वाढवून आपले विरजण करू लागले. पुस्तकातली गाळलेली ओळ वाचकांनी बाटलीच्या तळातून वाचली, असे म्हणता येईल.

'लंडन प्राइड'च्या बाबतीत तर मूळ संहिता कोणती, हाच प्रश्न आहे. पबमधल्या पिंपातली प्राइड ४.१ टक्क्यांची, बाटलीतली ४.७ टक्क्यांची. शिवाय ती एकटी जन्मत नाही. फुलर्सकडे 'पार्टी-गाइल' ही जुनी पद्धत टिकली: माल्टच्या एकाच घाण्यातून पहिला दाट आणि नंतरचा पातळ असे वर्ट काढायचे, ते वेगवेगळे उकळायचे आणि मग ठरावीक प्रमाणात मिसळायचे. एका मिश्रणातून हलकी 'चिझिक बिटर' होई, दुसऱ्यातून 'प्राइड', तिसऱ्यातून जड 'ईएसबी'. घरचा ब्रुअर प्राइडचे प्रमाण गणिताने अचूक काढतो आणि एकटी प्राइड करतो. त्याचा पेला उत्तम असेलही. पण भावंडांत वाढलेल्या मुलाचे वर्णन एकुलत्या एकाचे म्हणून करावे, तसे ते होते. नकलेच्या पुस्तकांत एका पानावर एक बिअर असते. ब्रुअरीत तसे पानच नाही. व्हीलरला हे ठाऊक नसेल असे मी मानत नाही. पुस्तकाच्या घाटाने त्याच्यावर मात केली.

'लँडलॉर्ड'ची गंमत निराळी. कीथलीची ही ब्रुअरी १८५८ ची, आणि १८६३ पासून ती नोल स्प्रिंग या झऱ्याच्या जागी आहे. ब्रुअरी आपले माल्ट उघड सांगते: गोल्डन प्रॉमिस नावाचे जव. हे वाण गामा किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनातून आले, म्हणजे 'परंपरागत' एलच्या मुळाशी अणुयुगाचे बी आहे. तिच्या ओळखीचा वास देणारे हॉप्स म्हणजे स्टिरियन गोल्डिंग्ज. नावावरून वाटते केंटच्या प्रसिद्ध गोल्डिंग्जचे हे परदेशी भाऊबंद. प्रत्यक्षात ते स्लोव्हेनियात लावलेले इंग्लिश फगल आहे; नाव चुकून चिकटले आणि राहिले. पण स्लोव्हेनियाच्या मातीत ते फगलही राहिले नाही. 'नाहीतरी फगलच ना' म्हणून केंटचे फगल घालणारा नकलकार वंशावळीने बरोबर असतो आणि जिभेला चुकतो. घराण्याच्या शुद्धतेवर भर देणाऱ्या आपल्या काही पाठचिकित्सकांना मला हे उदाहरण द्यावेसे वाटते.

इथवर मूळ बिअर समोर होती. ती नाहीशी झाली तर? मँचेस्टरची बॉडिंग्टन्स ब्रुअरी १९८९ मध्ये व्हिटब्रेडने घेतली आणि २००५ मध्ये स्ट्रेंजवेजची भट्टी बंद पडली. नाव उरले, ते आता ज्या द्रवावर लावतात, त्याला जुने पिणारे बॉडिंग्टन्स मानत नाहीत. अशा वेळी अस्सल कोण? नावाचा मालक, की जुन्या कृतीवरून परसात पिंप भरणारा? व्यापारचिन्हाचा कायदा पहिल्याच्या बाजूने आहे. माझा कौल दुसऱ्याला आहे, फक्त त्याच्याकडे वही असली पाहिजे, निव्वळ आठवण नव्हे.

वहीचे काम रॉन पॅटिन्सनने केले. 'द होम ब्रुअर्स गाइड टू व्हिंटेज बिअर' (२०१४) या पुस्तकात त्याने ब्रुअऱ्यांच्या रोजच्या हस्तलिखित नोंदी वाचून कृती बांधल्या. लंडनच्या अभिलेखागारात व्हिटब्रेड, बार्कले पर्किन्स अशांच्या वह्या आहेत. त्यांतून जे दिसते ते भाविकांना रुचणारे नाही: साखर १८४७ पासूनच कायद्याने मोकळी होती आणि ब्रुअरांनी ती सर्रास वापरली, १८८० नंतर मक्याचाही वापर झाला. 'निव्वळ माल्टची जुनी इंग्लिश एल' ही बरीचशी नंतरच्या चळवळीने रंगवलेली आठवण आहे. या सगळ्या वाङ्मयात मला पॅटिन्सन श्रेष्ठ वाटतो तो यासाठी. गद्य त्याचे ओबडधोबड आहे, विनोद कधीकधी रेटलेला आहे, पण आपल्या आवडीच्या विरुद्ध जाणारा पुरावा तो लपवत नाही.

आणि मग ब्रुअरीच नकलकार झाली. फुलर्सने आपल्याच कपाटातल्या वह्या उघडून 'पास्ट मास्टर्स' नावाने जुन्या बिअर पुन्हा काढायला सुरुवात केली. २०१० ची 'डबल एक्स स्ट्राँग एल' १८९१ च्या नोंदीवरून केलेली. प्लमेज आर्चर हे जुन्या वळणाचे जव त्यासाठी वापरले. यीस्ट घरचे, जागा तीच, वही स्वतःची. तरी ती प्रतच, कारण १८९१ ची चव पडताळायला जीभ कोणाकडे होती? २०१९ मध्ये फुलर्सने बिअरचा धंदा जपानच्या असाहीला विकला. चिझिकच्या त्या वह्यांचे वाचन यापुढे कोण, कशासाठी करील, हे आता नव्या मालकांच्या हिशेबावर आहे. १८९१ च्या त्या पानावरून तेवीस लिटरचे प्रमाण काढायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही, निदान इंग्लंडात तरी.