स्काची लय आणि वेगाचा हव्यास

2021 मध्ये अमेरिकेत एकापाठोपाठ आलेल्या अल्बमांमुळे स्का या जमैकन नृत्यसंगीताला पुन्हा बहर आल्याची द्वाही फिरली. फिलाडेल्फियाच्या कॅटबाइटचा 'नाइस वन', वी आर द युनियनचा 'ऑर्डिनरी लाइफ' आणि जेफ रोझेनस्टॉकने आपल्याच पंक अल्बमचे केलेले रूपांतर, 'स्का ड्रीम', हे त्यातले ठळक. तिन्हींतला उत्साह अस्सल आहे आणि गाण्यांतून सांगण्यासारखेही पुष्कळ आहे. तरीही सलग ऐकताना चौथ्या-पाचव्या गाण्याशी कान थकतात. ठेका बदलला की गाणे स्का होते, हा समज या थकव्याच्या मुळाशी आहे.

स्का घडला जमैकातल्या किंग्स्टनच्या साउंड सिस्टिमांसाठी, म्हणजे नाचासाठी तबकड्या वाजवणाऱ्या फिरत्या संचांसाठी. कॉक्सन डॉड, ड्यूक रीड आणि प्रिन्स बस्टर या त्यांच्या चालकांच्या चढाओढीतून. नाचणाऱ्यांना तीन मिनिटांची तबकडी पुरेशी होती. अल्बम मागाहून, बहुधा सुट्या तबकड्या एकत्र करून निघाले. पण त्या तीन मिनिटांतही वादकाला ऐसपैस जागा असे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा आघात, मात्रांच्या मधोमध गिटार-पियानोचा तुटक ठोका, खाली अखंड चालणारा बास आणि या चौकटीवर जॅझच्या अंगाने होणारा ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, सॅक्सोफोनचा विस्तार, अशी ही रचना. 1964 मध्ये जमलेल्या आणि पुढच्याच वर्षी विखुरलेल्या स्कॅटलाइट्सने ती पूर्णत्वाला नेली. डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे सारे अल्फा बॉइज स्कूल या कॅथलिक संस्थेत शिकलेले. ड्रमंडचा ट्रॉम्बोन ऐकताना खालचा ठेका नाचरा आणि वरची सुरावट उदास, असा ताण सतत जाणवतो. लॉइड निबचा ड्रम तो ताण तोलून धरतो, घाई करत नाही. स्काचे सौंदर्य या तोलात आहे.

इंग्लंडमध्ये हा तोल पोचवला रिको रॉड्रिगेझने. अल्फाचाच विद्यार्थी, ड्रमंडच्या हाताखाली तयार झालेला आणि 1961 मध्ये इंग्लंडला गेलेला. कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्सने 1979 मध्ये टू टोन ही रेकॉर्ड कंपनी काढली. डॅमर्सच्याच द स्पेशल्स या बँडच्या त्या वर्षीच्या पहिल्या अल्बममध्ये 'अ मेसेज टु यू, रूडी' या 1967 च्या गाण्यात रिकोचाच ट्रॉम्बोन आहे; मूळ तबकडीवरही तोच वाजला होता. टू टोनच्या चळवळीतली तरुणाई पंकवर वाढलेली होती, पण जुन्या वादकाला तिने मध्यभागी जागा दिली. म्हणून तो अल्बम आजही सलग ऐकवतो.

अमेरिकेतली पुढची लाट थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. ऑपरेशन आयव्हीचा 'एनर्जी' (1989) हा प्रामाणिक पंक अल्बम आहे; रील बिग फिशचा 'टर्न द रेडिओ ऑफ' (1996) थट्टेलाच संगीत समजतो. याच काळात हेपकॅटचा 'राइट ऑन टाइम' (1998) आणि न्यू यॉर्कच्या स्लॅकर्सचा 'रेडलाइट' (1997) वेगळ्या वाटेने गेले. हेपकॅटमध्ये गायनाच्या सुरावटी एकमेकींत मिसळतात आणि मध्य लयीत सॅक्सोफोनला बोलायला अवकाश मिळतो. स्लॅकर्स व्हिक रुजिएरोच्या ऑर्गनभोवती कडू-गोड कथा रचतात. 'डोन्ट लेट द सनलाइट फूल या' (2022) पर्यंत त्यांनी ही शिस्त सोडलेली नाही.

पंकच्या अंगाने धावणाऱ्या स्काचा, वेग हाच स्काचा संताप, असा बचाव नेहमी केला जातो. तो टिकत नाही. वेग दुप्पट केला की दोन मात्रांमधली फट बुजते. मधला ठोका वेगळा कळेनासा होतो आणि गिटार नुसती किणकिणत राहते. ब्रास वादकांना एकत्र ओरडण्यापलीकडे काम उरत नाही. खुद्द जमैकाने 1966 च्या सुमारास स्कामधून रॉकस्टेडीकडे वळताना लय उतरवली, वाढवली नाही. इंग्लंडमध्ये बेकारी आणि दंगलींच्या 1981 मध्ये अव्वल क्रमांकावर पोचलेले 'घोस्ट टाउन' स्पेशल्सच्या सर्वांत संथ गाण्यांपैकी आहे, आणि त्याच्याइतके धगधगते राजकीय गाणे या परंपरेत दुसरे नाही. संतापाला धावण्याची गरज नसते.

त्यामुळे नव्या अल्बमांचे मोल त्यांच्या विषयांवरून किंवा उत्साहावरून ठरवणे ही समीक्षेची पळवाट आहे. 'ऑर्डिनरी लाइफ'मधला लिंगओळखीचा अनुभव महत्त्वाचा आहेच. जेरच्या 'बॉदर्ड / अनबॉदर्ड' (2022) मधला वंशवादाचा जाबही. पण जेर स्वतः ट्रॉम्बोनवादक असल्याने अपेक्षा अधिक आहे: त्या वाद्याला सोळा मात्रा तरी एकट्याने बोलू द्यायला हव्यात. गाण्याच्या मध्यावर एका वादकाला सारे सोपवून बाकीच्यांनी ठेका धरून राहणे, ही स्काची मूळ नीती आहे. ज्या अल्बममध्ये ती नाही, त्याला पंक म्हणावे. त्यात कमीपणा नाही, पण पुनरुज्जीवनाचे श्रेय त्याला देऊ नये.