हवामानाचे साधन आणि त्याचे अपुरे वर्णन

अँथ्रॉपिक या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही नियमावली सर्वांसाठी खुली केली. भाषा हाताळणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलने बाहेरच्या सेवांकडून माहिती कशी मागावी, याचे नियम तिच्यात आहेत. सोबत नवशिक्यांसाठी एक पाठ दिला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या एपीआयवरून, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागण्याच्या खिडकीवरून, हवामान आणून देणारी दोन साधने त्यात तयार करायची असतात. पाठ छोटा आहे आणि पायथन येणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्यालाही करून पाहता येईल असा आहे. म्हणूनच त्यातील उणिवा पाहणे अगत्याचे वाटते. नवशिका जसे वाचतो तसेच पुढे लिहितो.

मॉडेलला साधनाच्या आतला प्रोग्रॅम दिसत नाही. त्याच्यापुढे येते ते फक्त साधनाचे नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि कोणत्या किमती भरायच्या त्यांची यादी. पायथनमध्ये फंक्शनच्या सुरुवातीला तिहेरी अवतरणचिन्हांत जी टीप लिहितात, तीच या पाठात वर्णन बनते. एरवी ती टीप दुसऱ्या प्रोग्रॅमरच्या सोयीसाठी असे. नाही लिहिली तरी प्रोग्रॅम चाले. इथे मात्र साधन कधी आणि कसे वापरायचे, हे मॉडेल तीच टीप वाचून ठरवते.

पहिले साधन धोक्याचे इशारे देते. अमेरिकेतील राज्याचा दोन अक्षरी संकेत द्यावा, उदाहरणार्थ सीए किंवा एनवाय, असे त्याच्या वर्णनात म्हटले आहे. हे चांगले लिहिले आहे. देश कोणता ते कळते, किमतीचे रूपही कळते आणि 'कॅलिफोर्निया' असे पूर्ण नाव भरण्याची चूक टळते.

दुसरे साधन अंदाज देते. त्याचे वर्णन सांगते की, हे एखाद्या ठिकाणचा हवामान-अंदाज मिळवते. अक्षांश म्हणजे त्या ठिकाणचा अक्षांश आणि रेखांश म्हणजे त्या ठिकाणचा रेखांश. (परीक्षेत 'घनता म्हणजे पदार्थाची घनता' असे उत्तर आले तर आपण किती गुण देऊ?) देशाचा उल्लेखच नाही. पुण्याच्या मुलीने उद्याच्या पावसाबद्दल विचारले, तर मॉडेल १८.५२ आणि ७३.८६ हे आकडे भरून मोकळे होईल आणि अमेरिकी सेवा ती मागणी परत पाठवेल. यात मॉडेलला दोष कसा द्यायचा? वर्णनाप्रमाणे पुणे हेही 'एखादे ठिकाण'च आहे.

रेखांशाचे चिन्हही सांगितलेले नाही. अमेरिकेचा जवळजवळ सर्व भूभाग पश्चिम रेखांशावर असल्याने तेथील आकडे ऋण असतात. न्यूयॉर्कच्या ७४ आधीचे वजाचे चिन्ह गळले, तर आपण थेट किरगिझस्तानच्या डोंगरात पोहोचतो. चांगल्या मॉडेलांना हा संकेत ठाऊक असतो, हे खरे. पण तीन शब्दांत सांगता येणारी गोष्ट वाचकाच्या हुशारीवर का सोडावी?

सेवेकडून येणाऱ्या अंदाजाचे कालखंड साधारण बारा-बारा तासांचे असतात आणि हा प्रोग्रॅम त्यांतले पहिले पाचच पुढे पाठवतो. म्हणजे सुमारे अडीच दिवस झाले. वर्णनात याचा पत्ता नाही. पुढच्या रविवारच्या सहलीबद्दल विचारले, तर मॉडेल हेच साधन वापरेल, आणि मग पदरचे काही घालण्याचा धोका आलाच.

सर्वांत गंभीर उणीव मात्र इशाऱ्यांच्या साधनातच आहे, आणि ती त्याच्या उत्तरात आहे. संपर्क तुटल्यामुळे माहिती आली नाही, तर ते सांगते की, इशारे मिळवता आले नाहीत किंवा इशारे नाहीत. खरोखर इशारा नसेल तेव्हासाठी प्रोग्रॅममध्ये निराळे वाक्य आहे. तरी हे 'किंवा' का ठेवले, कळत नाही. चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे येत असताना कोणी विचारले आणि मॉडेलने वाक्याचा उत्तरार्ध तेवढा उचलला, तर? तापमापी मोडली आणि ताप नाही, या दोन नोंदी एकाच रकान्यात लिहिण्यासारखे हे आहे.

शिकवण्याच्या पाठात सगळे बारकावे कसे येणार, असे कोणी म्हणेल. प्रोग्रॅमपुरते ते मान्य आहे. वर्णन मात्र असे लिहिता आले असते: 'फक्त अमेरिकेतील ठिकाणांसाठी. येत्या सुमारे अडीच दिवसांचा अंदाज, तापमान फॅरनहाइटमध्ये. अक्षांश व रेखांश दशांश अंशांत. पश्चिम रेखांश ऋण. अन्य देशांसाठी किंवा त्यापुढील दिवसांसाठी वापरू नये.'

जोडलेल्या साधनांची वर्णने सहसा प्रत्येक संवादाबरोबर मॉडेलपुढे ठेवावी लागतात, त्यामुळे पन्नास साधने जोडल्यावर पाल्हाळही महागात पडतो, हा आक्षेप रास्त आहे. पण शब्द वाचवायचेच, तर 'त्या ठिकाणचा अक्षांश' आणि 'त्या ठिकाणचा रेखांश' हे आधी गाळावेत.