कोठार, खळे आणि सभागृह

इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात बिशप्स क्लीव्ह या गावी जुन्या दगडी कोठाराचेच गावसभागृह झाले आहे. त्या देशात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि जुन्या वास्तूला नवे जीवन लाभले म्हणून त्यांचे मनमोकळे कौतुक होते. ते कौतुक आम्हांला मान्य आहे. मात्र त्या भरात, त्या भिंतींच्या आत काय साठत होते, हा प्रश्न मागे पडतो.

तेथे साठत होता दशमांश. दहा पेंढ्यांतली एक चर्चची. मठांची स्वतःच्या शेतीची कोठारेही होती. ब्यूलीच्या सिस्टर्शियन मठाचे ग्रेट कॉक्सवेल येथील कोठार तेराव्या शतकाच्या अखेरचे, सुमारे १५२ फूट लांबीचे. आत लाकडी खांबांच्या दोन रांगा, मध्ये रुंद दालन, कडांना अरुंद पट्टे, चर्चचाच आराखडा. विल्यम मॉरिसला ते कॅथीड्रलच्या तोडीचे वाटले. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ मोडले, १८३६ च्या कायद्याने दशमांश धान्याऐवजी रोकड्यात गेला, आणि दशमांशाची कोठारे निरुपयोगी झाली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी नाइलाजाने पेंढ्या आणून टाकल्या, त्यांचेच वंशज आज तेथे लग्ने लावतात. या परतफेडीत आम्हांला न्याय दिसतो, कोणी तो ठरवून केलेला नसला तरी.

मात्र प्रत्येक रूपांतर सारखे नसते. रवींद्रनाथांसमवेत १९२२ मध्ये श्रीनिकेतन उभारणारे लेनर्ड एल्महर्स्ट यांनी व त्यांच्या पत्नी डॉरोथी यांनी १९२५ मध्ये डेव्हन परगण्यातील डार्टिंग्टन विकत घेतले. तेथील कोठाराचे नाट्यगृह वाल्टर ग्रोपियसने १९३० च्या दशकात केले. काम नामवंताचे, पण कोठार नाट्यगृह झाले की गावकऱ्याचा प्रेक्षक होतो. साध्या, रिकाम्या दालनात तसे होत नाही.

आता आपल्याकडे वळू. अकोल्याहून वाशिमला जाताना पातूरनंतर मेडशी लागते. या वऱ्हाडी मुलखात ज्वारी ठेवायची ती पेवात, पांढरीत खोदलेल्या खड्ड्यात; घरात बळद आणि कणगी. धान्य उंच छपराखाली मिरवायचे नव्हते, लपवायचे होते. आणि दशमांशाच्या जागी होते बलुते. सुतार, लोहार, कुंभार, महार, ज्याचा त्याचा वाटा खळ्यावरच मोजून दिला जाई. वाटा उचलला की खळे मोकळे. त्या देण्याघेण्यात मान होता तसा अपमानही होता, हे बलुतेदारांच्या वंशजांना सांगावे लागत नाही. त्यामुळे खळ्याचे गोडवे गाणाऱ्या लेखनाविषयी आम्ही साशंक आहोत.

तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. इंग्लंडच्या गावाला दगडी दालन वारशाने मिळाले; आपल्या गावाला मिळाली ती शेणाने सारवलेली, मधोमध तिवडा असलेली वर्तुळाकार जमीन, आणि मळणीयंत्र आल्यावर तीही गेली. पुढे सरकारी निधीतून समाजमंदिरे आली. त्यांचा नेहमीचा नकाशा आपण सारे ओळखतो: एका टोकाला सिमेंटचा उंच ओटा, त्यावर पाहुण्यांच्या खुर्च्या, समोर खाली सतरंजी. खळ्यावर बलुतेदार खाली उभा आणि पाटील वर, असे तरी नव्हते. दोघांच्या पायाखाली एकच सारवण असे. मेडशीसारख्या गावात नवे सभागृह बांधायचे झाल्यास इंजिनिअरने तो ओटा तेवढा गाळावा.