पंडूची मुले

भावाच्या मागे त्याची मुले पदरात घेणे ही गोष्ट आपल्याकडे घरोघर घडत आली आहे. वाङ्मयात मात्र ती बहुधा मुलांच्या बाजूने सांगितली जाते. छळणारी काकू आणि इस्टेटीवर डोळा ठेवणारा काका यांचा साचा इतका पक्का झाला आहे की, ज्याच्या पदरात ती मुले अवचित पडली त्याच्या मनात काय चालले असेल, याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. ती विचारपूस सर्वांत निष्ठुरपणे आणि सर्वांत सहानुभूतीने जर कोणी केली असेल, तर ती महाभारतकाराने. धृतराष्ट्राला आपण 'पुत्रप्रेमाने आंधळा' म्हणून निकालात काढतो. दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' (१९६२) आणि इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' (१९६७) या पुस्तकांनी महाभारतातली माणसे माणसे म्हणून पाहण्याची सवय मराठी वाचकाला लावली. त्या सवयीला अनुसरून मी धृतराष्ट्राकडे एक चुलता म्हणून पाहू इच्छितो.

प्रसंग आठवून पाहा. पंडू शतशृंगावर वारला. माद्री त्याच्यामागून गेली. सतराव्या दिवशी तापसांचा एक मेळा कुंतीला आणि पाच पोरांना घेऊन हस्तिनापुरात आला. त्यांनी वृत्तांत सांगितला आणि ते दिसेनासे झाले. ना पूर्वसूचना, ना विचारणा. भाऊ गेल्याची वार्ता आणि त्याची मुले दारात उभी, दोन्ही एकाच घटकेला! धृतराष्ट्राने विदुराला आज्ञा केली की, पंडूचे आणि माद्रीचे उत्तरकार्य राजाला शोभेल असे कर. ज्याच्या मागे असे पाच पुत्र आहेत त्याचा शोक कशाला, असेही तो म्हणाला. हे शब्द खोटे होते असे मानायला मला कोठेही आधार सापडत नाही. तो खोटा नव्हता, आणि इथेच त्याची गोष्ट अवघड होते.

या घराला अशा पालकत्वाची सवय नव्हती असेही नाही. स्वतः धृतराष्ट्र आणि पंडू हे बापाचे तोंड न पाहिलेले. विचित्रवीर्याच्या मागे त्यांना वाढविले ते भीष्माने, त्याच्या सावत्र भावाने. भीष्माने ही जबाबदारी निष्कलंक पार पाडली, पण त्याला स्वतःचे मूल नव्हते. आपले ताट आणि भावाच्या मुलाचे ताट शेजारी मांडण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. भीष्माला जे प्रतिज्ञेने सोपे झाले होते, ते धृतराष्ट्राला शंभर मुलांचा बाप असताना करून दाखवायचे होते. भीष्माच्या ब्रह्मचर्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतलेला मला दिसला नाही.

उलट माद्री पाहा. ती कुंतीला काय सांगते? मी मागे राहिले तर तुझ्या मुलांना माझ्या मुलांसारखे वागविणे मला जमणार नाही. तुला ते जमेल. किती थोडक्यात आणि किती स्वच्छ! सती म्हणून तिला मिळालेल्या मोठेपणाशी मला कर्तव्य नाही. स्वतःच्या मनाचा तळ तिने वेळेवर पाहिला आणि तो बोलून दाखविला, हे मला त्याहून मोठे वाटते. हीच गोष्ट धृतराष्ट्राला करता आली नाही.

त्यालाही आपल्या मनाचा तळ दिसत होता. पांडवांना वारणावताला धाडण्याचा लकडा दुर्योधनाने लावला, तेव्हा प्रथम त्याला पंडू आठवतो. तो आपल्याशी किती नम्रपणे वागे, राज्य माझेच आहे असे समजून कसे हाती आणून देई! अशा भावाची मुले मी कशी घालवू? पण मग तो कबूल करतो की, तुझ्या मनातला विचार माझ्याही मनात घोळतो आहे, फक्त तो पापी आहे म्हणून मी उघड करीत नाही. मला वाटते, संपूर्ण महाभारतात इतके घरगुती आणि इतके भयंकर वाक्य दुसरे नसेल. लाक्षागृहाचा बेत त्या संवादात नाही. पण मुले दूर गेलेली बरी, एवढे बापलेकांचे ठरते. पुढे ती जळून मेल्याची बातमी आली तेव्हा तो विलाप करतो, आणि म्हणतो की माझा भाऊ पंडू खरा आज मेला. टीकाकार याला ढोंग म्हणतात. मी म्हणत नाही. भावावरचे प्रेम अस्सल होते, पण ते भावापाशीच थांबले. पंडूच्या आठवणीवर त्याची माया होती. पंडूच्या मुलांचा वाटा ही मात्र त्याला घरात आलेली अडचण वाटत होती.

आमच्या घरी चुलत्यांच्या मागे त्यांचे दोन मुलगे आले. दिवाळीला आई एकाच ताग्यातून आम्हा चौघांचे सदरे बेतायची. त्यामुळे चार मुले बँडवाल्यांसारखी दिसत आणि गल्लीत हसे होई. तिचा हेतू मला फार उशिरा कळला. तागा वेगळा असता तर कोणाचे कापड चांगले हा प्रश्न निघाला असता. प्रश्न निघूच नये, इतकी ती हुशार होती.

हस्तिनापुरात हा प्रश्न रोज निघत होता, आणि घरातला वडीलधारा ऐकू न आल्यासारखे करीत होता. भीमाला विष घालून गंगेत टाकले तेव्हाही वडीलधाऱ्याच्या तोंडून सवाल निघाला नाही. द्यूतात तर तो पुन्हा पुन्हा विचारतो, जिंकले का? आनंद लपविणेही त्याला साधत नाही. गीतेच्या आरंभी तो संजयाला प्रश्न करतो तेव्हा एका बाजूला 'माझे' आणि दुसऱ्या बाजूला 'पंडूचे' असे स्वच्छ दोन ढीग पाडतो. तापसांनी मुले दारात आणून सोडली त्या दिवसापासून त्याच्या मनात ही वाटणी तशीच राहिली होती.

युद्धानंतर लोखंडी भीमाचा चुराडा करणारा धृतराष्ट्र सर्वांना ठाऊक आहे. आपण वाचत नाही ते त्यापुढचे आश्रमवासिक पर्व. आता पंधरा वर्षे तो पुतण्याच्या घरी राहतो. आश्रित तो, पालक युधिष्ठिर. भीम टोचून बोलतो, दुर्योधनादिकांच्या श्राद्धाला धन द्यायला नकार देतो. युधिष्ठिर आणि अर्जुन देतात. म्हातारा गुपचूप उपासांनी खंगत जातो, आणि एके दिवशी वनात जाण्याची आज्ञा मागता मागता गांधारीच्या अंगावर कलंडतो. युधिष्ठिर थंड पाण्याने त्याची छाती आणि तोंड पुसतो. शुद्धीवर येताच तो म्हणतो, पुन्हा हात फिरव. तुझ्या स्पर्शाने मला जिवंत झाल्यासारखे वाटते. मग निघण्यापूर्वी तो त्याला राज्य कसे करावे याचा पाठ देतो, सावकाश, तपशीलवार. शिकविण्याची वेळ टळून गेल्यावर मिळालेला तो पाठ युधिष्ठिर हात जोडून ऐकतो.

वनात जाताना कुंती पुढे असते. तिच्या खांद्यावर गांधारीचा हात, गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा. पुढे पांडव त्यांना भेटायला वनात जातात. ती तिघे नदीवरून परत येत असतात. कुंती दिसताच सर्वांआधी धावत जाऊन, मोठ्याने रडत तिचे पाय धरतो तो सहदेव, माद्रीचा धाकटा. मग त्या म्हाताऱ्यांच्या हातांतले पाण्याचे कलश पांडव आपल्याकडे घेतात.