प्रार्थनेचे उघडे दार
पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती प्रार्थनेतील 'मागणे'

१८९३ साली पुण्यात शारदा सदनावरून जो वाद पेटला, तो धर्मांतराचा वाद म्हणून आपल्याला माहीत आहे. त्याच्या मुळाशी मात्र एका खोलीचे दार होते. रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करत आणि त्या वेळी दार उघडे असे. सदनातल्या काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सदनात धर्म शिकवला जाणार नाही, हे रमाबाईंना मान्य होते. मात्र स्वतःची प्रार्थना लपून करायला आणि आलेल्या मुलीला हाकलून द्यायला त्या तयार नव्हत्या.

या वादात कोण बरोबर होते यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या दाराआड जे चालत होते त्याच्याकडे, म्हणजे प्रार्थनेकडे, समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून जमेल तसे एकोणिसाव्या शतकातले मराठी गद्य वाचत आलो आहे. तरीही, प्रार्थनेचा प्रश्न बाजूला ठेवून रमाबाई समजत नाहीत, असे माझे मत झाले आहे. त्यांच्या प्रार्थनेचे रूप साधे आणि सुशिक्षितांना अवघडवणारे होते. त्या देवाकडे वस्तू मागत.

गंमत अशी की, बायबलच्या अक्षरावर बोट ठेवले तर पुण्याच्या टीकाकारांची बाजू बळकट दिसावी. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की, प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे आणि एकांतात कर. त्याच अध्यायात तो असेही म्हणतो की, तुम्हाला कशाची गरज आहे हे मागण्याआधीच पित्याला ठाऊक असते. असे असेल तर मागायचे कशाला? आणि दार उघडे का ठेवायचे?

उत्तर तेथेच, पुढच्या काही ओळींत आहे. बंद दाराचा उपदेश केल्यानंतर येशू जी प्रार्थना शिकवतो तिच्यात 'मी' कोठेच येत नाही. पिता 'आमचा' आहे, भाकर 'आम्हाला' हवी आहे, क्षमा 'आम्हाला' हवी आहे. एकट्याने खोलीत बसून म्हणायच्या प्रार्थनेचे व्याकरण अनेकवचनी आहे. याचा अर्थ मी असा लावतो : दार लावायचे ते दिखाऊपणाला. ज्यांची भाकर आपल्या भाकरीबरोबर मागायची, त्या माणसांना ते लावायचे नाही. लूकच्या शुभवर्तमानात हीच शिकवण आणखी धीट होते. तेथे एक माणूस मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावून भाकरी मागतो, आणि त्या भाकरी त्याला स्वतःसाठी नको असतात. घरी अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी हव्या असतात. पुढे अठराव्या अध्यायात एक विधवा बेपर्वा न्यायाधीशाच्या मागे लागून त्याला न्याय द्यायला भाग पाडते. प्रार्थना कशी करावी याचा आदर्श म्हणून एका हट्टी विधवेचे चित्र रंगवणारा हा मजकूर विधवांसाठी घर चालवणाऱ्या बाईने कसा वाचला असेल, याची कल्पना करता येते.

रमाबाईंना मागणे नवे नव्हते. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. तिच्या नावाचा अर्थ साधारण 'आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष' असा होतो. या पुस्तकाचा पूर्वार्ध म्हणजे फळाला न आलेल्या मागण्याची कहाणी आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत हिंडते, अनुष्ठाने करते, ब्राह्मणांना दक्षिणा देते. हातचे द्रव्य संपते, दुष्काळ येतो. १८७४ साली वडील जातात, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण. रमा त्या वेळी सोळा वर्षांची होती. उत्तरार्धात तीच बाई केडगावच्या माळावर शेकडो मुलींसाठी धान्य मागते आणि ते मिळते. पहिला देव ऐकत नाही, दुसरा ऐकतो, असा मिशनरी वाचकाला आवडणारा साचा येथे दिसतो, आणि तो रमाबाईंनी काही अंशी मुद्दाम उभा केला आहे. वारकऱ्याच्या भक्तीलाही दक्षिणा लागत नाही, हे या साच्यात बसत नाही म्हणून बाहेर राहते. तेवढा अन्याय त्या लेखनात आहे.

पण साचा बाजूला सारून वाचले की आणखी एक फरक दिसतो. पूर्वार्धातल्या मागण्याला किंमत आहे. द्रव्य द्या, व्रत करा, मग फळ मिळेल. नवसाचे गणित असेच असते. उत्तरार्धातल्या मागण्याला देण्यासारखे काही नाही. हात रिकामे आहेत आणि मागणाऱ्यांची संख्या वाढत चालली आहे. लोणावळ्याच्या एका प्रार्थना-शिबिराचा प्रसंग रमाबाई सांगतात. आपल्याबरोबर श्रद्धेला आलेल्या पंधरा मुली पाहून त्यांनी देवाला म्हटले, पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग करून दे. म्हणजे २२५. प्रार्थनेत असा पाढा म्हणणारी बाई आपल्या समीक्षकांना अवघड वाटली, तर नवल नाही.

याउलट रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला लगेच जवळचे वाटतात. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने ख्रिस्ताकडे जाण्यासाठी अभंगाची वाट धरली. त्यांच्या प्रार्थनांत मागण्यापेक्षा आळवणी जास्त आहे, वस्तूपेक्षा सहवासाची ओढ जास्त आहे. मराठी वाचकाच्या कानाला तो सूर ओळखीचा, म्हणून ख्रिस्ती प्रार्थनेचा विषय निघाला की आपण टिळकांपाशी थांबतो. त्यामागे आपला एक संस्कारही आहे : निष्काम भक्ती वरची, सकाम भक्ती खालची.

या संस्काराला छेद देणारी गोष्ट मराठीतच आहे. मराठीतली सर्वांत लोकप्रिय प्रार्थना म्हणजे पसायदान. तिच्या नावातच 'दान' आहे आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मागणेच आहे. ज्ञानदेव तेथे स्वतःसाठी काही मागत नाहीत, विश्वासाठी मागतात. म्हणजे सकाम-निष्काम या भेदापेक्षा कोणासाठी मागितले हा भेद महत्त्वाचा ठरतो. त्या कसोटीवर रमाबाई परक्या राहत नाहीत. ज्ञानदेवांचे मागणे विश्वाएवढे मोठे होते. रमाबाईंचे मागणे मोजता येण्याजोगे होते, आणि मोजता येण्याजोगे मागितले की ते पुरे करायची जबाबदारी मागणाऱ्यावरही येते.

ही जबाबदारी त्यांनी कशी उचलली हे पाहण्यासारखे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात सुमारे दोन हजार जीव होते. तेथे विहिरी खणल्या गेल्या, मळे उभे राहिले, माग चालू लागले, तेलाचा घाणा आणि छापखाना आला. पाण्यासाठी प्रार्थना करणाऱ्या बायका त्याच आठवड्यात विहिरीच्या कामावरही असत. ख्रिस्ती जीवनात प्रार्थनेचे बळ कशात असते, याचे मला पटलेले उत्तर येथे मिळते. मागणाऱ्याला मागणे सोडून पळता येत नाही. रोजची भाकर दोन हजार तोंडांसाठी मागितली की दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ मळायला बसावेच लागते.

याविरुद्ध दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला पैशाचा. रमाबाईंवर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचा प्रभाव होता. माणसांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या भरवशावर त्यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली, अशी त्यांची ख्याती. पण म्युलर आपल्या हिशेबांचे अहवाल नियमित छापत, आणि केडगावहूनही 'मुक्ती प्रेयर बेल' हे इंग्रजी नियतकालिक परदेशी वाचकांकडे जाई. देवाजवळ मागितल्याची बातमी माणसांपर्यंत पोहोचली की ते माणसांजवळ मागणेच झाले, असे कोणी म्हटले तर मला ते नाकारता येत नाही. मात्र यात मला लबाडी दिसत नाही. मध्यरात्री ठोठावलेले दार शेजाऱ्याचे असते, आणि भाकरी कोणाच्या तरी हातूनच यायच्या असतात.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. उपाशी मुलीला जेथे अन्न मिळते तेथेच तिला प्रार्थनाही शिकवली जाते. नको म्हणायची तिला कितपत मुभा असते? शारदा सदनाच्या उघड्या दारातून मुलगी उठून घरी जाऊ शकत होती, तिला नेणारे पालक होते. दुष्काळातून आलेल्या मुलीला परतायला घर नव्हते. रमाबाईंच्या प्रार्थनेतला 'आम्ही' मोठा होत गेला हे खरे, पण त्यात सामील व्हायचे की नाही हे प्रत्येकीला विचारले गेले का, हा प्रश्न उरतोच. २२५ या आकड्यामागे एकेक मुलगी आहे, आणि आपल्याला ती बहुतेक वेळा संस्थेच्या शब्दांतच भेटते.

तरीही त्या मुलींचा आवाज एकदा भिंतीबाहेर गेला. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला स्वयंसेवक मागितले तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली आणि महिनाअखेरीस मुक्ती सदनात ते प्रसिद्ध 'जागरण' झाले. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, ज्याच्या त्याच्या शब्दांत, रडत-ओरडत प्रार्थना करू लागल्या. काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंधळ खपला नाही. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही. संस्थेतल्या अमेरिकन कार्यकर्त्या मिनी अब्राम्स यांनी यावर लिहिलेली पुस्तिका पुढे चिलीतल्या वालपरायसोला पोहोचली आणि तेथील पेंटेकोस्टल चळवळीच्या प्रेरणांपैकी एक ठरली. ज्यांना घरात आवाज चढवायची मुभा नव्हती त्या मुलींना प्रार्थनेने आवाज दिला, एवढे तरी म्हणता येईल. त्या काय म्हणत होत्या ते प्रत्येकीचे तिलाच ठाऊक.

आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. उपलब्ध भाषांतर त्यांना बोजड वाटे. कमी शिकलेल्या बाईला ते वाचता यावे, हा त्यांचा आग्रह होता. भाषांतर आणि प्रार्थना ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती. ज्या बाईला मागायचे आहे तिला आधी मागण्याचे शब्द हवेत.

१९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. संस्थेचा सारा भार तिच्यावर सोपवायचा, असे ठरलेले होते. तिच्यासाठी आईने काय मागितले असेल हे वेगळे सांगायला नको. गेथसेमानेच्या बागेत येशूही एक गोष्ट मागतो आणि ती त्याला मिळत नाही. ख्रिस्ती प्रार्थनेच्या केंद्रस्थानी न मिळालेले मागणे आहे, ही गोष्ट प्रार्थनेच्या सामर्थ्यावर व्याख्याने देणारे सहसा सांगत नाहीत. रमाबाईंना ती सांगावी लागली नसती. मुलगी गेल्यावरही त्या भाषांतराच्या कामाला लागल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले, केडगावच्याच छापखान्यातून. त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत, कधीकाळी दुष्काळातून आलेल्या मुलींचे हातही होते.